गिरणीवरची डॉक्टरीण

परदेशात शिकून आलेल्या माणसाला आमच्याकडे सगळ्यात आधी थंडीबद्दल विचारतात. "लय थंडी असन नं वं तिकडं?" मग बर्फाबद्दल. मग तिकडचे लोक कशाकशाचं मटण खातात त्याबद्दल. तिथे शिकवत काय होते, हे मला आमच्या मुकुटबनातल्या एका म्हाताऱ्याशिवाय कुणीच आजवर विचारलेलं नाही. विचारलं नाही तेच बरं झालं, कारण सांगण्यासारखं फार काही नव्हतं.

देशाचं नाव मी लिहीत नाही. त्या देशाचा काही गुन्हा नाही, त्याने मला बोलावलं नव्हतं. मला तिकडे धाडलं ते वणीतल्या एका ऑफिसने. नीटमध्ये मला जेमतेम पात्र होण्याइतके मार्क मिळाले होते, आणि इथे त्या मार्कांवर डॉक्टरकी सोडा, डॉक्टरच्या दारातली खुर्चीसुद्धा मिळाली नसती. पण त्या ऑफिसातला माणूस माझी मार्कशीट बघून असा खूश झाला की आम्हालाच आमच्या मार्कांचा अभिमान वाटायला लागला. त्याने कोट घातला होता. मे महिन्यात वणीत कोट घालणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, एवढं तरी आम्हाला कळायला हवं होतं. त्याने एका भव्य इमारतीचा फोटो दाखवला. समोर कारंजं, पांढरे खांब, पायऱ्यांवर हसणाऱ्या मुली. "हे कॉलेज," तो म्हणाला. पुढे तिथे पोचल्यावर कळलं की ते त्या शहरातलं नाट्यगृह होतं. कॉलेज त्याच्या मागच्या गल्लीत होतं, आणि तिथे कोणी हसत नव्हतं.

मी निघाले त्या दिवशी मुकुटबनच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लागला होता. 'वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी रवाना, हार्दिक अभिनंदन.' माझा आधार कार्डवरचा चेहरा कापून कुणाच्या तरी गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या धडावर चिकटवला होता. धड पुरुषाचं होतं, टाय लावलेलं. शुभेच्छुकांचे चेहरे माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठे होते आणि त्यातल्या निम्म्या लोकांना मी ओळखत नव्हते. बाबांनी त्या फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढून घेतला. मला तेव्हा हसू आलं नाही, छाती फुगली. मूर्खपणा काही फक्त कोटवाल्याकडे नव्हता.

तीन विमानं बदलून मी होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले, तर शेजारच्या पलंगावर वणीची एक मुलगी जवसाच्या चटणीचा डबा उघडून बसली होती. तिच्या पलीकडे पांढरकवड्याची. समोरच्या खोलीत घाटंजीच्या दोघी. कोटवाल्याने अख्खा जिल्हा गोळा करून एका मजल्यावर आणून टाकला होता. एवढ्या लांब जाऊन मी सहा वर्षं राहिले ती शेवटी यवतमाळ जिल्ह्यातच. भांडणंसुद्धा आपलीच: बादली कुणाची, झाडायची पाळी कुणाची, आणि माझ्या लोणच्यात ओला चमचा कुणी घातला.

खोलीत स्वयंपाक करायला बंदी होती. म्हणून प्रत्येकीच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली, एक इलेक्ट्रिक शेगडी लपवलेली असायची. वॉर्डन बाई भल्या होत्या, पण मोहरी तडतडली की नाक वर करून जिने चढायच्या. मग खिडक्या उघडायच्या, शेगडी गाद्यांत कोंबायची, आणि गरम कढई मांडीवर पुस्तकाआड धरून अभ्यासाचं सोंग करायचं. माझ्या शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकाची यकृतावरची पानं अजून पिवळी आहेत. ते तेल आहे. यकृताबद्दल मला त्यापलीकडे फार काही आठवत नाही.

वर्गात सर पडद्यावरचं वाचून दाखवायचे. पडद्यावर इंग्रजी होतं, आणि ते सरांना आमच्याइतकंच परकं होतं. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकमेकांची दया यायची आणि कोणी कुणाला प्रश्न विचारायचं नाही. हजेरी एकीने चौघींची लावायची. वहीत मात्र आम्ही सगळं उतरवायचो, रंगीत पेनांनी, रेघा मारून. वहीत उतरलं म्हणजे डोक्यात उतरलं, अशी आमची पक्की समजूत. आडात नव्हतं, पण पोहरा मात्र रंगवून चकचकीत ठेवला होता.

दुसऱ्या वर्षी आम्हाला दवाखान्यात न्यायला लागले. पेशंट तिथल्या भाषेत बोलायचे. ती भाषा आम्हाला वर्षभर शिकवली होती, आणि 'माझ्या आजोबांकडे दोन घोडे आहेत' हे वाक्य मी आजही झोपेतून उठून म्हणू शकते. 'कुठे दुखतं' हे मात्र त्या पुस्तकात नव्हतं. मग आम्ही दहा-बारा जणी लग्नाच्या बस्त्याला उगाच सोबत आलेल्या पाहुण्यांसारख्या भिंतीला टेकून उभ्या राहायचो. पेशंट आमच्याकडे बघायचे, आम्ही घड्याळाकडे. संपलं की बाहेर येऊन गळ्यात स्टेथोस्कोप घालून फोटो. ते फोटो वणी-पांढरकवड्यापर्यंत अर्ध्या मिनिटात पोचायचे.

आणि मग रविवार.

रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावर सगळ्या जणी एप्रन घालायच्या. खाली पायजमा, पायात लोकरी मोजे, केस विंचरलेले नाहीत, पण वर पांढराशुभ्र इस्त्रीचा एप्रन. कारण घरी व्हिडिओ कॉल असायचा, आणि घरच्यांना मुलगी नको असायची, डॉक्टर हवी असायची. वणीवालीचा काका किराणा दुकानात फोन तेलाच्या डब्यांना टेकवून ठेवायचा. घाटंजीच्या दोघींना तर वेळा वाटून घ्याव्या लागायच्या, कारण दोघींचे पेशंट एकाच आळीतले.

माझ्या बाबांची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, म्हणून बाबा चक्क पट्टा थांबवायचे. दळणाला नंबर लावून बसलेल्या दहा-पंधरा माणसांचं काम थांबायचं आणि त्यांच्यापुढे माझ्याकडे बघण्याशिवाय काही उरायचं नाही. बाबा फोन हातात धरून रांगेवरून फिरवायचे. "विचारा, विचारा. लाजू नका. आपलीच पोरगी हाय."

लोक लाजत नसत. कुणाचा गुडघा, कुणाची पित्ताची जळजळ, कुणाच्या सुनेचं डोकं. एका बाईने मला तिची शेळी दाखवली. मी एप्रनच्या खिशात हात घालून, भुवया आवळून ऐकायचे. माझ्याकडे तीनच उपाय होते: पाणी जास्त प्या, तिखट कमी करा, रोज चाला. शेळीला मी फक्त पाणी सांगितलं. यातले दोघं-तिघं आपोआप बरे झाले, जसे लोक बहुतेक वेळा होतात, आणि माझं नाव झालं. वासरांत लंगडी गाय शहाणी. गावातल्या डॉक्टरांकडे जायच्या आधी लोक गिरणीवर रविवारची वाट बघायला लागले. ते डॉक्टर वीस वर्षं गावात बसतात, पण ते पडले इथलेच. मी फॉरेनची.

कॉल संपला की आम्ही एप्रन काढून पलंगावर फेकायचो आणि एकमेकींना आपापल्या पेशंटांच्या नकला करून दाखवायचो. त्या शेळीवर तर आम्ही आठवडाभर हसलो. किती भोळे लोक आहेत, काहीही विचारतात, असं म्हणायचो. भोळे ते होते, हे खरं आहे. पण पाणी जास्त प्या हे एप्रन घालून सांगणारी लबाड मी होते, आणि ते मला तेव्हा गमतीचं वाटायचं. आज त्या मजल्याची आठवण आली की मला सगळ्यात जास्त राग त्या हसण्याचा येतो.

या रांगेत एकदा माझी मोठी आई आली. मोठी आई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. घर आमच्याला लागूनच. आई गिरणीवर बसायची तेव्हा मला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, शाळेत मारून मुटकून धाडणं हे सगळं हिने केलं. कापूस वेचायला तिच्या ओळीत उभं राहायला बाया घाबरायच्या, कारण ती पुढे निघून जायची आणि मागे वळून टोमणे मारायची. शेतात ती कधी चप्पल घालायची नाही. "जी माती खायले देते, तिच्यावर चप्पल घालून जावं काय?" असं तिचं म्हणणं. बांधावर चप्पल काढून ठेवायची आणि दिवसभर काळ्या रानात अनवाणी. तिच्या पायांचा तिला गर्व होता. "या पायाले काटा बोचत नाही, काटाच मोडते," असं ती म्हणायची.

त्या रविवारी तिने दळणाचा डबा खाली ठेवला आणि पाय उचलून सरळ बाकावर ठेवला. तूर कापून झाली होती, शेतात तुरीची टोकदार धसकटं उभी होती, आणि त्यातलं एक तिच्या तळपायात घुसलं होतं. बाबांनी फोन पायाजवळ नेला. फोनवर पीठ बसलेलं, त्यामुळे मला दिसलं ते धुक्यातल्यासारखं: तळव्याच्या मध्यावर एक काळपट भोक, कडेला पांढरी कातडी.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"आठ-दहा झाले असतीन."

"दुखतं का?"

"दुखत बिखत काही नाही वं," मोठी आई म्हणाली. "खरं सांगू काय, गेलं तवा मले समजलंबी नाही. घरी येऊन पाय धुतला, रक्त दिसलं, तवा समजलं."

कुठल्याही डॉक्टरने, डॉक्टर कशाला, कुठल्याही शहाण्या नर्सने हे वाक्य ऐकून तिला त्याच पावली गाडीत घातलं असतं. दोन इंच धसकट तळपायात जातं आणि बाईला कळत नाही, याचा अर्थ त्या पायातली जाणीव मेली आहे. साखर तिच्या रक्तात किती वर्षं मुक्कामाला होती कोण जाणे. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "दुखत नाही ना? मग काही टेन्शन नाही. मिठाच्या कोमट पाण्याने धू. आपोआप भरून येईल."

बाबा म्हणाले, "गावातले डॉक्टर म्हणत होते, शुगर तपासा, वणीले नेऊन दाखवा म्हणून."

"ते सगळ्यांनाच वणीला पाठवतात," मी म्हणाले.

गिरणीत सगळे हसले. मला ते हसणं आवडलं, हे मी लपवत नाही. शिवाय मला घाई होती. त्या दिवशी पांढरकवड्याच्या मुलीला बाजारात सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, चांगल्या दोन जुड्या मिळाल्या होत्या. वर्षातून एखाद्या वेळी मिळायची. कपाटातली शेगडी बाहेर निघाली होती, सांबारवड्या तळून होत होत्या, आणि उशीर केला तर माझ्या वाट्याला एकही उरली नसती. मी मोठ्या आईला म्हणाले, "चाल, ठेवते मग." तिने फोनकडे बघून कौतुकाने मान हलवली. बाबांनी पट्टा सुरू केला. मला चार वड्या मिळाल्या.

पुढच्या रविवारी ती गिरणीवर दिसली नाही. "शेतात हाय," बाबा म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही शेतातच. तूर निघालेल्या शेतात मोठी आई रोज काय करते, असं मी विचारायला हवं होतं. मी शेतीच्या घरात वाढलेली मुलगी आहे, मला कळत होतं की त्या दिवसांत तिथे काही काम नसतं. पण माझी परीक्षा तोंडावर होती, आणि उत्तर नको असलं की माणूस प्रश्न विचारत नाही.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी आईने फोन केला. व्हिडिओ नव्हता, साधा कॉल. "तुले परीक्षेत त्रास नको म्हणून सांगतलं नाही," ती म्हणाली. पाय सुजला, काळा पडला. गावातले डॉक्टर न बोलावता दोनदा घरी येऊन गेले. दोन्ही वेळा मोठ्या आईने त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. "आमच्या पोरीनं पाह्यलं हाय," असं म्हणाली. ताप चढून ती बडबडायला लागली तेव्हा कुठे गाडी निघाली. वणी, मग तिथून चंद्रपूर. तिथे पाय कापला. गुडघ्याच्या खालून.

"तुयी काही चूक नाही," आई म्हणाली. "तिचं नशीब."

मी खोलीत येऊन वह्या काढल्या. कशासाठी काढल्या मला माहीत नव्हतं. अर्ध्या तासाने ते पान सापडलं, त्या रविवारच्या महिनाभर आधीचं. साखरेच्या रुग्णाचा पाय. जखम दुखत नाही म्हणून रुग्ण दुर्लक्ष करतो, न दुखणं हीच धोक्याची खूण. माझ्याच अक्षरात, खाली लाल पेनाने दोनदा रेघ मारलेली, बाजूला चांदणी. ती चांदणी बघून मला स्वतःची किळस आली. वणीची मुलगी मला म्हणाली, "तू कायले एवढं मनाले लावून घेतं? आपण सगळ्याच सांगतो." ती मला धीर देत होती. पुढच्या रविवारी तिने एप्रन घातला. मी नाही घातला. बाबांना म्हणाले, नेट चालत नाही. खरं सांगायची माझी तेव्हाही हिंमत नव्हती.

उन्हाळ्यात मी घरी आले. मला वाटलं होतं, कोणीतरी बोलेल. मोठे बाबा तरी बोलतील, ज्यांना आता सकाळी उठून बायकोला आधी मोरीपर्यंत न्यावं लागत होतं. कोणी बोललं नाही. उलट, "डॉक्टरीण आली" म्हणून गल्लीतली माणसं जमली. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला गिरणीवर बोलावलं, रांगेतल्या एका म्हाताऱ्याची पाठ बघायला. मी बाबांकडे बघितलं. घरातल्या बाईचा पाय गेला आणि या माणसाला अजून रांगेपुढे मिरवायला पोरगी हवी होती. मला त्यांची चीड आली, त्या रांगेची आली. एवढं होऊनही शहाणपण न येणाऱ्या माणसांचं काय करायचं? पण चीड गिळून मी त्या म्हाताऱ्याला म्हणाले, गावातल्या डॉक्टरांना दाखवा. तो हिरमुसला. "मग तुम्ही काय शिकून राह्यले तिकडं?" असं म्हणाला, आणि तो प्रश्न त्याने बरोबर विचारला होता.

मोठ्या आईला भेटायला मी तिसऱ्या दिवशी गेले. शेजारच्या घरात जायला मला तीन दिवस लागले. ती वसरीत, म्हणजे ओसरीवर, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, साडीच्या निऱ्या एका बाजूला सैल पडलेल्या. माझ्या मागोमाग बाबा आले, आई आली, शेजारच्या दोन बाया आल्या. मोठ्या आईने मला वाळलीस म्हटलं, तिकडे खायला देत नाहीत का विचारलं. मग तिने उरलेला पाय पुढे केला. करंगळीजवळ एक बारकी भेग होती, कडेला जरा लालसर.

"हा पाह्य बरं वं," ती म्हणाली. "याले तं काही होत नाही ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाबांच्या चेहऱ्यावर तोच गिरणीतला भाव आला. मी खाली बसले, तिचा पाय हातात घेतला आणि भेगेच्या बाजूला नखाने दाबलं. चांगलं जोरात दाबलं. मोठी आई शेजारणीला चहा घे म्हणत होती. तिला कळलंसुद्धा नाही.

"मोठी आई," मी म्हणाले, "मले नाही समजत. मी डॉक्टर नाही. मले अजून काहीच येत नाही. हा पाय आत्ताच्या आत्ता वणीले दाखवला पाहिजे."

"अवं, असं काय बोलतं?" बाबा चिडून म्हणाले. "दोन वर्षं झाले तुले, आन् म्हणतं..."

मोठ्या आईने त्यांना हाताने गप्प केलं. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी वेणी घालताना माझी हनुवटी वर धरून बघायची, तशी.

"येवढंच तू त्या दिवशी म्हणायचं होतं, बाई," ती म्हणाली.